'पार्ट्ससाठी' घेतलेला एनईएस: 'डाँकी काँग ३'च्या बोर्डला कितपत उपयोगी?

हे परीक्षण खेळण्यासाठी घेतलेल्या कन्सोलचं नाही. निन्टेन्डोचा जुना घरगुती कन्सोल एनईएस-००१ मी घेतला तो त्याच्या पोटातली चाळीस पिनांची एक चिप काढून 'डाँकी काँग ३' या नाणं टाकून खेळायच्या गेमच्या आर्केड बोर्डवर बसवायला. त्यामुळे चित्र कसं दिसतं, गेमपॅड हाताला कसा लागतो, यातलं काही इथे मिळणार नाही. डोनर म्हणून, म्हणजे दुसऱ्याला सुटे भाग देणारा म्हणून, हा कन्सोल कसा आहे, काय देतो, काय देत नाही आणि घेताना कुठे फसायला होतं, तेवढं सांगते. एकूण दोन कन्सोल घ्यावे लागले. पहिला चुकीचा निघाला, दुसऱ्याने काम केलं.

आधी बोर्डाबद्दल. तो एका मित्राचा. माझ्याकडे आला तेव्हा गेम छान चालत होता. गेमचा नायक स्टॅन्ली फवारा मारतोय, किडे खाली उतरतायत, नाणं टाकलं की क्रेडिट पडतंय, चित्रात कुठे रेघ नाही. आवाज मात्र अर्धाच. काही आवाज खणखणीत, आणि जिथे आणखी काही वाजायला हवं तिथे नुसती शांतता. मित्राने स्पीकर बदलून पाहिला होता, अ‍ॅम्प्लिफायरचे कपॅसिटर बदलले होते. "अगं, सगळं केलं, तरी तसंच," म्हणाला. काही आवाज स्वच्छ येत असतील आणि काही अजिबात येत नसतील, तर स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्याकडे बघत बसू नये. ते बिघडले तर सगळ्यांचेच आवाज बिघडवतात, निवडून काही गाळत नाहीत.

'डाँकी काँग ३' १९८३ चा. मुख्य काम झेड८० हा प्रोसेसर करतो, पण आवाजासाठी दोन वेगळे प्रोसेसर आहेत आणि दोन्ही रिकोचे आरपी२ए०३. प्रत्येकाला स्वतःची रॉम, म्हणजे स्वतःचं गाणं. हीच चिप त्याच वर्षी जुलैमध्ये जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉममध्ये, म्हणजे एनईएसच्या जपानी रूपात, होती आणि पुढे एनईएसमध्ये आली. आत ६५०२ या प्रोसेसरचा गाभा आहे, फक्त त्यातलं दशमान गणित काढून टाकलेलं, आणि त्याच तुकड्यावर आवाजाचे पाच मार्ग: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी, एक गोंगाटाचा आणि एक रेकॉर्ड केलेले नमुने वाजवणारा. चौकोनी लहरी पिन १ मधून बाहेर पडतात, उरलेले तिन्ही पिन २ मधून.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पत्त्यांची आहे. एनईएसमध्ये प्रोसेसर ४०१६ आणि ४०१७ हे पत्ते वाचतो तेव्हा त्याला गेमपॅडची बटणं कळतात. 'डाँकी काँग ३'मध्ये त्याच पत्त्यांवर लॅच जोडलेत. झेड८० त्यांत एक आकडा ठेवतो, आवाजाचा प्रोसेसर तो उचलतो आणि ठरलेला आवाज काढतो. घरी जिथून मुलाच्या अंगठ्याची हालचाल आत येते, तिथूनच इथे दुसऱ्या प्रोसेसरचा हुकूम येतो. चिपला यातला फरक कळायचं कारणच नाही. म्हणून घरच्या कन्सोलमधली चिप इथे काहीही न बदलता चालते. 'साधारण तशीच' नव्हे, तीच चिप आहे ही.

बिघाड शोधणं सोपं गेलं, कारण या बोर्डवर आधी कुणीतरी दोन्ही चिपना सॉकेट बसवून ठेवली होती. गप्प असलेल्या चिपच्या पिन ४० वर ५ व्होल्ट होते. पिन ३ वर रीसेट सुटलेला होता. हे आधी बघायलाच हवं, कारण इथे आवाजाच्या दोन्ही प्रोसेसरना रीसेटमध्ये दाबून ठेवायचं की सोडायचं ते झेड८० ठरवतो. मुख्य प्रोग्राम अडकला असेल तर चांगली चिपही मेल्यासारखी दिसते. पिन २९ वर २१.४७७ मेगाहर्ट्झचा क्लॉक स्वच्छ येत होता. चिप त्याला १२ ने भागते आणि पिन ३१ वर १.७९ मेगाहर्ट्झ देते. तिथे ऑसिलोस्कोपवर सरळ रेघ. क्लॉक आत जातोय आणि बाहेर काही येत नाही.

तरी खात्रीसाठी वीज बंद करून दोन्ही चिप एकमेकींच्या जागी लावल्या. गप्प होती ती बाजू बोलायला लागली आणि बोलत होती ती गप्प झाली. दोष चिपबरोबर सरकला, म्हणजे रॉम, लॅच, पुढचे रेझिस्टर सगळे निर्दोष. एकाच बोर्डवर दोन सारख्या चिप असण्याचा हा फायदा मोठा आहे. ज्यांच्याकडे ऑसिलोस्कोप नाही त्यांनी एवढंच केलं तरी पुरे.

रिको ही चिप आता बनवत नाही. उरतो तो जुना कन्सोल.

पहिला कन्सोल मी ऑनलाइन घेतला. जाहिरातीत 'अमेरिकन मॉडेल, सुरू होत नाही, पार्ट्ससाठी' असं लिहिलेलं. घरी आल्यावर उघडला, चिपवर 'आरपी२ए' एवढं वाचलं आणि घाईने काढायला घेतली. ती माझी चूक. बसवली, वीज दिली, आणि गप्प असलेली बाजू वाजायला लागली. क्षणभर फार आनंद झाला. मग लक्षात आलं की दोन चिप एकत्र वाजतात तेव्हा सूर लागत नाहीये. एक बाजू जागेवर, दुसरी खाली घसरलेली. नुसतं बेसूर असतं तर मी रेझिस्टर तपासत बसले असते, पण हे अंतर ओळखीचं होतं. माझे कान पेटीवर तयार झालेत. जिथे सा हवा तिथे मंद्र पंचम लागत होता, अगदी स्वच्छ.

चिप पुन्हा बाहेर काढून भिंगाखाली धरली. आरपी२ए०७. युरोपातल्या पाल पद्धतीच्या कन्सोलची. तिच्या मूळ घरी २६.६०१ मेगाहर्ट्झचा क्लॉक असतो आणि ती त्याला १६ ने भागते. इथे तिला २१.४७७ मिळाले आणि तिने सवयीप्रमाणे १६ नेच भागले. १२ च्या जागी १६, म्हणजे प्रत्येक सुराची कंपनसंख्या बरोबर पाऊणपट. सा ची पाऊणपट म्हणजेच मंद्र पंचम. पिना त्याच, आकार तोच, चिप पूर्णपणे चांगली, आणि या बोर्डला निरुपयोगी. विक्रेत्याला कळवलं. चिप काढल्यामुळे परत घेणार नाही म्हणाला. ते मला मान्य आहे, पण जाहिरातीतलं 'अमेरिकन' हे चूक होतं आणि त्यामुळे एक कन्सोल विनाकारण मोडला गेला, याचं वाईट वाटलं.

तेव्हा घेण्याआधी विक्रेत्याला झाकण उघडून चिपवरच्या अक्षरांचा फोटो मागा. तळाचे सहा स्क्रू साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने निघतात, आतलं पत्र्याचं आवरण सुटलं की बोर्ड दिसतो, त्यामुळे ही मागणी अवघड नाही. यू६ ही प्रोसेसरची जागा. तिथे २ए०३ पाहिजे, शेवटी जी किंवा एच असलं तरी चालतं. २ए०७ असेल तर नको. यूए६५२७ असं लिहिलेलं असेल तर ती यूएमसीची नक्कल आहे. अशा नकली चिपमध्ये चौकोनी लहरींच्या दोन रुंदींची अदलाबदल झालेली सापडते. आवाज येतो, सूरही बरोबर लागतो, पण वाद्य बदलल्यासारखं वाटतं. स्वस्त नकली कन्सोल उघडल्यावर चिपच्या जागी नुसता काळा ठिपका दिसला तर झाकण परत लावून टाका. त्यात काढण्यासारखं काही नाही.

दुसरा कन्सोल मी फोटो पाहूनच घेतला. पाण्यात भिजलेला होता. कार्ट्रिज जिथे बसतं त्या बाजूचे ट्रॅक हिरवे पडून खाल्ले गेलेले, काही ठिकाणी तांबं उरलंच नव्हतं. पीपीयूच्या, म्हणजे चित्राच्या चिपच्या, पिनांवरही हिरवट थर. प्रोसेसरचा कोपरा मात्र कोरडा आणि स्वच्छ. डोनर असाच असावा असं माझं ठाम मत आहे: जो कन्सोल म्हणून परत उभा राहणार नाही, पण ज्याचा आपल्याला हवा तो अवयव शाबूत आहे.

इथे थोडं थांबून बोलते, कारण यातून फार नुकसान होतं. 'पार्ट्ससाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या एनईएसपैकी ज्याचा लाल दिवा दर सेकंदाला लुकलुकतो तो मेलेला नसतो. त्यात एक कुलूप-चिप असते. ती कार्ट्रिजमधल्या तिच्या जोडीदार चिपशी सतत बोलत असते. ७२ पिनांचा कनेक्टर मळला किंवा सैल झाला की जोडीदाराचं उत्तर येत नाही, आणि कुलूप-चिप प्रोसेसर आणि पीपीयू दोघांना पुन्हा पुन्हा रीसेट करत राहते. कनेक्टर साफ केला, घट्ट केला की बहुतेक वेळा तोच कन्सोल खेळायला तयार होतो. अशा कन्सोलची चिप उपटून आर्केड बोर्ड दुरुस्त करणं म्हणजे एका घरचा दिवा काढून दुसऱ्या घरी लावणं. ते करू नका. साफ करून कुणाला तरी खेळायला द्या आणि दुसरा डोनर शोधा.

डिसोल्डर करण्याआधी चिप जागेवरच तपासून घ्यायची, हा धडा पहिल्या कन्सोलने दिला. भिजलेल्या कन्सोलचा स्वतःचा वीजभाग वापरायची हिंमत झाली नाही, म्हणून बेंच सप्लायवरून सरळ ५ व्होल्ट दिले. कुलूप-चिपची चौथी पिन उचलून ठेवली, म्हणजे ती सारखी रीसेट करत नाही. पिन २९ वर क्लॉक, पिन ३१ वर १.७९ मेगाहर्ट्झ, पत्त्यांच्या पिनांवर हालचाल. चिप जिवंत. आवाज काही आला नाही, पण तिकडे लक्ष द्यायचं नसतं. कार्ट्रिजची बाजूच तुटलेली होती. आणि ती धड असली तरी पीपीयू गेलेली असेल तर बरेचसे गेम तिच्या खुणेची वाट पाहत पहिल्याच पावलावर थांबतात. आवाज नाही म्हणून प्रोसेसरच मेला असं समजून चांगली चिप फेकणारे लोक मी पाहिलेत.

चिप काढणं हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. सॉकेट नसलेल्या आर्केड बोर्डवरून मेलेली चिप काढताना चिपचा विचार करायचा नसतो: पाय कापायचे, अंग उचलायचं, मग एकेक पाय हळूच ओढायचा, म्हणजे बोर्डाचे पॅड वाचतात. डोनरवर बरोबर उलटं. इथे बोर्ड गेला तरी चालेल, चिपला ताप आणि ताण लागता कामा नये. मी आधी चाळीसही पिनांवर ताजं शिशाचं सोल्डर चढवलं, कारण जुनं सोल्डर एकसारखं वितळत नाही. मग तापत्या टोकाच्या सक्शन गनने एक पिन सोडून एक अशी घेत गेले, एकाच जागी उष्णता साठू नये म्हणून. टोक पिनेभोवती ठेवायचं, पिन किंचित गोल फिरवून पाहायची, ती भोकात मोकळी हलली की मगच ट्रिगर दाबायचा. घाईने ओढलं तर वरच्या बाजूला सोल्डरची बारीक कडी राहते आणि पाय अडकतो.

सगळ्यात जास्त त्रास पिन २० ने दिला. ती ग्राउंडची. मोठा तांब्याचा पट्टा तिची उष्णता ओढून घेतो. तीनदा सोल्डर घातलं, तीनदा ओढलं, तरी ती हलेना. शेवटी डोनरचा बोर्ड वाचवायचा नाही हे स्वतःला आठवण करून देत तो तांब्याचा पट्टाच पिनेभोवती धारदार पात्याने कापून टाकला. मग ती लगेच सुटली. चिप बोटांनी उचलली गेली, स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटावी लागली नाही. उचकटावंसं वाटलं तर समजा एखादी पिन अजून धरून आहे. तिथे जोर केला तर पाय अंगापासून तुटतो, आणि तो परत जोडणं फार कठीण.

पायांवर सोल्डरचा जाडसर थर राहतो. तसाच सॉकेटमध्ये घुसवला तर सॉकेटच्या पाकळ्या कायमच्या फाकतात आणि पुढे तिथे कोणतीच चिप घट्ट बसत नाही. म्हणून सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने प्रत्येक पाय पुसून घेतला. या कामाला अर्धा तास गेला आणि तो वाया गेला नाही.

मग खाच बरोबर बाजूला करून चिप बसवली, गेम सुरू केला, नाणं टाकलं. दोन्ही बाजू वाजल्या, एका सुरात. मित्राला फोन लावून रिसीव्हर स्पीकरसमोर धरला. तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "हे मधलं कधी ऐकलंच नव्हतं मी." त्याने बोर्ड घेतला तेव्हापासून तो अर्धाच वाजत होता. तासभर चालू ठेवून चिपवर बोट टेकवलं. कोमट लागली. एवढी ऊब तिला साजेशीच आहे. बोट ठेववत नसेल तरच काळजी करावी.

हाच डोनर आणखी कुठे लागू पडतो? १९८४ चे 'पंच-आउट' आणि 'सुपर पंच-आउट', १९८५ चा 'आर्म रेसलिंग' यांच्या आवाजाला हीच २ए०३ आहे. निन्टेन्डोच्या व्हीएस सिस्टीम आणि प्लेचॉइस-१० या आर्केड यंत्रांना तर गेम चालवणारा प्रोसेसर म्हणूनच. शिवाय कन्सोलमध्ये २ किलोबाइटच्या दोन रॅम आणि काही साध्या लॉजिक चिप मिळतात. त्या वेगळ्याही विकत मिळतात, म्हणून त्यांच्यासाठी कन्सोल फोडण्यात अर्थ नाही, पण फोडलेलाच असेल तर काढून ठेवाव्यात.

पीपीयू मात्र मिळत नाही. एनईएसची २सी०२ कॉम्पोझिट, म्हणजे सगळे रंग एकाच तारेत मिसळलेलं, चित्र देते. व्हीएस आणि प्लेचॉइसला लाल-हिरवा-निळा वेगळे देणारी २सी०३ किंवा तिच्या बहिणी लागतात, आणि व्हीएसच्या काही चिपमध्ये तर नक्कल होऊ नये म्हणून रंगांचा क्रमच उलटापालटा केलेला आहे. पिनांची संख्या तीच म्हणून कुणी प्रयोग करायला जाऊ नये. या पीपीयूपायी प्लेचॉइसच्या बोर्डांची फार हानी झाली. घरच्या एनईएसला स्वच्छ आरजीबी चित्र मिळावं म्हणून कितीतरी चांगले बोर्ड फोडून त्यांच्या २सी०३ काढल्या गेल्या. एनईएसआरजीबी किट आलं तेव्हा कुठे त्याची गरज संपली. इतकी वर्षं आर्केडने घरच्या कन्सोलला दिलं. आता एखादा मोडलेला कन्सोल आर्केडला काही परत देत असेल तर मला ते मनापासून योग्य वाटतं.

इतर जोड्याही आहेत. सेगाच्या सिस्टीम सी-२ आणि सिस्टीम १८ या आर्केड बोर्डांमध्ये सेगाच्याच मेगा ड्राइव्ह कन्सोलची ३१५-५३१३ ही चित्राची चिप आहे. सेगाचाच एसटी-व्ही हा आर्केड बोर्ड म्हणजे आतून जवळजवळ सॅटर्न कन्सोल, आणि सॅटर्नची आवाजाची चिप सेगाच्या मॉडेल २ आणि मॉडेल ३ च्या बोर्डांवरही भेटते. पण ३१५-५३१३ ला ६४ पाय आणि दोन पायांतलं अंतर १.७७८ मिलिमीटर, सॅटर्नच्या चिप तर पृष्ठभागावर चिकटवलेल्या, चारही बाजूंना केसासारखे पाय. २ए०३ चे चाळीस पाय २.५४ मिलिमीटरवर आहेत. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने एनईएसपासूनच सुरुवात करावी.

गुण द्यायचे तर एनटीएससी, म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या, एनईएस-००१ ला डोनर म्हणून पाचपैकी साडेचार. उघडायला सोपा, चिप सुट्टी आणि मोठी, जागेवर तपासता येते, बसवताना एकही तार फिरवावी लागत नाही. अर्धा गुण कापला तो पीपीयू उपयोगी नाही म्हणून. पाल मॉडेलला या बोर्डसाठी शून्य, पण त्याची २ए०७ मी अँटिस्टॅटिक फोममध्ये खोचून, वर नाव आणि 'चालू, तपासलेली' असं लिहून ठेवली आहे. कुणाच्या पाल कन्सोलचा प्रोसेसर गेला असेल तर सांगा, ती त्याच्याकडे जायला हवी.